बॉस्टनमधल्या ‘सीझनल अमेरिकन’ रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा जाताना

अमेरिकेत येऊन काही महिने झाले तरी आपलं बाहेरचं खाणं पिझ्झा, टाको, थाई आणि देशी बुफे एवढ्यातच फिरत राहतं. मग एखाद्या शुक्रवारी ऑफिसातलं कोणी तरी म्हणतं, ‘उद्या डिनरला चला’, आणि लिंक पाठवतं. विटांच्या भिंती, मंद दिवे, चाळीसेक खुर्च्या, एका पानाचा मेन्यू, त्यातले निम्मे शब्द अनोळखी, आणि सोळा डॉलरचं कॉकटेल. हा लेख त्या शनिवारसाठी आहे. मी बॉस्टन, केंब्रिज, समरव्हिल या भागाबद्दल लिहितो आहे. टॅक्स आणि दारूचे नियम राज्यागणिक बदलतात, बाकीचं बहुतेक सगळं देशभर सारखंच आहे.

या प्रकारच्या, म्हणजे ऋतूप्रमाणे मेन्यू बदलणाऱ्या रेस्टॉरंटचं मूळ बऱ्याच अंशी कॅलिफोर्नियात सापडतं. १९७१ साली ॲलिस वॉटर्स यांनी बर्कलीत ‘शे पानीस’ सुरू केलं. रोज एकच ठरलेला मेन्यू, आणि तोही त्या दिवशी चांगलं काय मिळालं त्यावरून. आज अमेरिकेतल्या प्रत्येक शहरात या कल्पनेची लहानमोठी रूपं आहेत. बॉस्टनसारख्या, वर्षातले कित्येक महिने जमीन गोठलेल्या ठिकाणी या कल्पनेचा कस लागतो, आणि म्हणून इथलं जेवण मला जास्त मजेचं वाटतं.

१. जागा निवडताना

‘कोझी’ असं वर्णन वाचलं की ‘लहान’ असं समजा. टेबलं एकमेकांना खेटून असतात, शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं, आणि स्ट्रोलर कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. दोघं ते चौघं जाण्यासाठी अशी जागा उत्तम. आई-बाबा, सासू-सासरे, दोन मुलं असा आठ जणांचा ताफा असेल तर पहिल्यांदा दुसरीकडे जा. इथे सगळ्यांचीच गैरसोय होते.

दुसरी पायरी म्हणजे मेन्यू घरीच वाचून जाणं. वेबसाइटवर तो असतोच, फक्त शनिवारी प्रत्यक्षात दोन पदार्थ बदललेले असतील असं धरून चाला. मेन्यूच्या डोक्यावर तारीख छापलेली असेल तर चांगली खूण. शेतांची नावं असतील तर तीही चांगली, पण नाव छापणं सोपं असतं. माझी स्वतःची कसोटी सोपी आहे: जानेवारीत ताज्या टोमॅटोचं सॅलड दिसलं तर तिथला ‘सीझनल’ हा शब्द फक्त पाटीपुरता.

मे महिन्यात पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावचा ॲस्परॅगस येतो, रॅम्प्स येतात (हा रानात उगवणारा, लसूण-कांद्याच्या वासाचा पाला), आणि फिडलहेड्स, म्हणजे नेच्याचे गुंडाळलेले कोवळे कोंब. फिडलहेड्स नीट उकडले नाहीत तर पोट बिघडतं. आपल्याकडे शेवळांची खाज मोडायला काकडं लागतात, तशीच ही रानभाजी जाणत्या हातानेच करायची. त्यामुळे घरी प्रयोग करण्याआधी ती रेस्टॉरंटमध्ये खाऊन बघणं बरं. जुलै-ऑगस्टात मका आणि टोमॅटो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंद, भोपळ्याचे नाना प्रकार आणि केप कॉडच्या बाजूची क्रॅनबेरी. हिवाळ्यात बीट, पार्सनिप, सेलरी रूट, केल आणि वर्षभर घालून ठेवलेली लोणची. पहिल्यांदा जायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा. उन्हाळ्यातलं उरलेलं आणि थंडीतलं नवं, दोन्ही ताटात येतं.

२. टेबल धरणं

रेझी किंवा ओपनटेबल या ॲपवर टेबल मिळतं. शनिवारी साडेसात हवे असतील तर बरेच दिवस आधी बघायला लागेल. साडेपाच किंवा पावणेनऊ सहसा मिळतात. आपल्याला साडेपाचला जेवायचं म्हणजे विचित्र वाटतं, पण इथे कित्येक किचन आठवड्याच्या मधल्या दिवशी नऊ-साडेनऊला बंद होतात. ‘आरामात दहाला जाऊ’ हा पुण्या-मुंबईचा हिशेब चालत नाही.

टेबल धरताना बऱ्याचदा कार्ड नंबर मागतात. पैसे लगेच कापत नाहीत, पण न कळवता गेला नाहीत किंवा अगदी शेवटी रद्द केलंत तर माणशी ठरावीक रक्कम घेतात. रद्द करायची मुदत वाचून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांपलीकडे उशीर होणार असेल तर फोन करा, नाहीतर टेबल जातं. ॲपमध्ये टीप लिहायची जागा असते. तिथे ‘एक जण शाकाहारी, अंडं चालतं’ किंवा ‘नट ॲलर्जी’ असं आधीच लिहा. हे लिहून ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण किचनला दुपारीच कळलेलं असतं.

टेबल मिळालंच नाही तर बारवर बसा. बारवरच्या खुर्च्या बहुतेक ठिकाणी आधी धरता येत नाहीत, जो आधी येईल त्याच्या. तिथे पूर्ण मेन्यू मिळतो, आणि दोघांसाठी मला ती जागा टेबलापेक्षा आवडते. समोर बारटेंडर काय करतो आहे ते दिसतं, आणि विचारायला माणूस कायम हाताशी असतो.

३. दारात

रिकामं टेबल दिसलं म्हणून जाऊन बसायचं नाही. होस्टला नाव सांगून थांबायचं. तुमच्यातलं कोणी यायचं राहिलं असेल तर बऱ्याच ठिकाणी सगळे जमेपर्यंत बसवत नाहीत. कपड्यांची फार काळजी नको. जीन्स आणि बरा शर्ट चालतो, कुर्ता तर उत्तम.

सोबत पासपोर्ट असू द्या. दारू प्यायचं वय इथे २१ आहे आणि ओळखपत्र जवळजवळ सगळ्यांना मागतात. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आधार कार्ड चालत नाही. सत्तरीतल्या बाबांनाही विचारतात. त्यांना राग येतो, पण नियम तो नियम. भारतातून भेटीला आलेल्यांनी तर पासपोर्ट न घेता जाऊच नये.

बसल्यावर सर्व्हर येऊन पहिला प्रश्न विचारेल: ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’, म्हणजे साधं पाणी की सोड्यासारखं. हे दोन्ही बाटलीचं, पैसे पडणारं पाणी असू शकतं. ‘टॅप वॉटर’ म्हणा. नळाचं पाणी फुकट असतं आणि ते मागण्यात कमीपणा अजिबात नाही. बर्फ नको असेल तर तेही सांगा, नाहीतर फेब्रुवारीतसुद्धा बर्फाने भरलेला ग्लास येईल.

४. कॉकटेलचं पान

क्राफ्ट कॉकटेल म्हणजे थोडक्यात हे: ताजा पिळलेला रस, स्वतः केलेली सिरपं, मोजून ओतलेली दारू आणि विचारपूर्वक निवडलेला बर्फ. दारूबंदीच्या काळात, म्हणजे १९२० ते १९३३, अमेरिकेतली चांगली बारटेंडरी बरीचशी मोडली. नंतर कित्येक दशकं बाटलीतल्या आंबटगोड मिश्रणांवर काम चाललं. न्यूयॉर्कच्या रेनबो रूममध्ये डेल डीग्रॉफ यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ताज्या रसांची जुनी पद्धत परत आणली, आणि नव्या शतकात ती देशभर पसरली.

मेन्यूत प्रत्येक कॉकटेलचं गमतीदार नाव आणि खाली चार-पाच घटक असतात. नावाकडे दुर्लक्ष करा, घटक वाचा. पहिला सहसा मुख्य दारू: बर्बन आणि राय (दोन्ही अमेरिकन व्हिस्की), जिन, मेस्काल (मेक्सिकोची धुरकट चवीची दारू), रम. मग बघा की त्यात लिंबाचा किंवा कुठला तरी रस आहे का. रस असेल तर ते शेक केलेलं, आंबटगोड, हलकं लागणारं पेय. रस नसेल आणि व्हर्मूथ (मसाले घातलेली वाइन), अमारो (कडवट इटालियन दारू), बिटर्स (थेंबांनी घालायचा कडू अर्क) असेच शब्द असतील तर ते हलक्या हाताने ढवळलेलं आणि बहुतेक सगळं दारूच. मॅनहॅटन, निग्रोनी, ओल्ड फॅशनड या दुसऱ्या घरातले. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी आंबट बाजूनेच सुरुवात करायला सांगेन.

आता मापाचं. अमेरिकन कॉकटेलमध्ये मुख्य दारू साधारण २ औंस असते. २ औंस म्हणजे सुमारे ६० मिली, आपल्याकडचा लार्ज पेग. मॅनहॅटनमध्ये त्यावर आणखी औंसभर व्हर्मूथ. इथे ‘एक ड्रिंक’ म्हणजे १.५ औंस, ४० टक्क्यांची दारू, असं सरकारी माप आहे. म्हणजे समोर आलेला तो नाजूक, देठाचा ग्लास हा दीड ते दोन ड्रिंक असतो. शिवाय राय किंवा बर्बनवर ‘१०० प्रूफ’ लिहिलं असेल तर ती ५० टक्क्यांची. रिकाम्या पोटी दोन मॅनहॅटन घेऊन नंतर मेन्यू वाचायला बसू नका.

यादीत काहीच पटत नसेल तर बारटेंडरला तीन गोष्टी सांगा: कुठली दारू आवडते, आंबट हवं की कडवट, आणि आधी काय आवडलं होतं. ‘जिन, आंबट, फार गोड नको’ एवढं पुरतं. बॉस्टनचं म्हणून सांगितलं जाणारं एक जुनं कॉकटेल आहे, वॉर्ड एट: राय, लिंबू, संत्रं आणि ग्रेनेडिन, म्हणजे डाळिंबाचं सिरप. यादीत नसलं तरी बरेच बारटेंडर करून देतात.

शाकाहारी मंडळींनी इथेच सावध व्हावं, कारण ग्लासात मांसाहार असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. ‘व्हिस्की सॉवर’ या कॉकटेलवरचा पांढरा फेस बहुधा अंड्याचा पांढरा बलक असतो. ‘फ्लिप’ प्रकारच्या कॉकटेलमध्ये अख्खं अंडं. ब्लडी मेरीतल्या वूस्टरशायर सॉसमध्ये सहसा अँचोव्ही मासा. आणि ‘फॅट-वॉश्ड’ असा शब्द दिसला तर कुठली चरबी ते विचारा. व्हिस्कीत वितळलेली चरबी घालून ती गोठवतात, चरबी गाळून टाकतात, चव मागे राहते. लोण्याची असेल तर प्रश्न नाही, पण न्यूयॉर्कच्या पीडीटी बारमधलं बेकनच्या चरबीचं ओल्ड फॅशनड इतकं गाजलं की ती तऱ्हा पुष्कळ ठिकाणी पोचली.

दारू घेत नसाल तर कारण सांगायची गरज नाही, कोणी विचारतही नाही. ‘झीरो प्रूफ’ नावाखाली दोन-चार चांगली पेयं असतात. अगदी थेंबही चालत नसेल तर बिटर्स घालू नका असं सांगा, त्यात दारू असते.

मुंबई-पुण्याच्या वन प्लस वनची सवय असेल तर ती इथे विसरा. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८४पासून स्वस्त दारूच्या हॅपी अवरवर बंदी आहे. पाच ते सहा या वेळात काही ठिकाणी एक डॉलरला ऑयस्टर मिळतात, दारू मात्र पूर्ण किमतीला.

५. जेवणाचं पान

मेन्यूचे साधारण तीन भाग असतात: लहान प्लेट्स, मोठे पदार्थ, बाजूच्या भाज्या. मोठ्या पदार्थांना ‘आँट्रे’ म्हणतात. दोघांत दोन लहान, दोन मोठे, एखादी भाजी हे भरपूर होतं. ब्रेडचेही पैसे असू शकतात. तो घरचा असेल आणि सोबत चांगलं लोणी असेल तर जरूर घ्या.

मेन्यूवर खाली एक वाक्य दिसेल: ॲलर्जी असेल तर ऑर्डरआधी सर्व्हरला सांगा. ते इथल्या कायद्याने छापावं लागतं. तारांकन असलेले पदार्थ कच्चे किंवा कमी शिजवलेले असतात.

सर्वांत मोठी चूक इथे होते: ‘भाजी’ हा शब्द वाचून आपण शाकाहारी धरून चालतो. अमेरिकन स्वयंपाकात डुकराचं मांस फोडणीसारखं वापरतात. ब्रसल्स स्प्राउट्समध्ये बेकन, हिरव्या पाल्यात हॅम हॉक, कॉर्नब्रेडमध्ये बेकनची चरबी. न्यू इंग्लंडच्या क्लॅम चाउडरमध्ये (शिंपल्यांचं दाट सूप) आणि बॉस्टनच्या बेक्ड बीन्समध्ये खारवलेलं डुकराचं मांस ही परंपराच आहे. स्क्वॉशचं सूप चिकन स्टॉकमध्ये, रिसोटो आणि पोलेंटाही कधी कधी त्यातच. केलच्या सीझर सॅलडमध्ये अँचोव्ही. फ्राइज बदकाच्या किंवा बीफच्या चरबीत तळलेले. पाना कोटामध्ये जिलेटिन. ॲपल पायसारख्या गोड पदार्थाच्या पारीत कधी कधी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. अस्सल इटालियन पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारा अर्क) असतं, तेही कोणाला चालतं, कोणाला नाही.

जे चिकन-मासे खातात पण बीफ-पोर्क नाही, त्यांनी ही नावं लक्षात ठेवावीत: पँचेटा, ग्वांचाले, प्रोशुटो, स्पेक, लार्डो, चोरिझो ही बहुधा डुकराची. शॉर्ट रिब, ब्रिस्केट, पॉट रोस्ट, हँगर स्टेक आणि नुसता ‘बर्गर’ हे बीफ. ‘डेमी-ग्लास’ नावाचा काळपट सॉस वासराच्या किंवा गाईच्या हाडांचा, आणि तो चिकनवरही ओततात.

म्हणून विचारायचं, आणि नेमकं विचारायचं. ‘इज इट व्हेजिटेरियन?’ एवढं पुरत नाही, कारण समोरचा फक्त मांसाचे तुकडे आठवून ‘हो’ म्हणतो. ‘स्टॉक कशाचा आहे? बेकन, अँचोव्ही, जिलेटिन आहे का?’ असं विचारा. सर्व्हरला माहीत नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो. तो त्याच्या कामाचाच भाग आहे, तुम्ही त्याला त्रास देत नाही. ‘विदाउट बेकन करता येईल का?’ याचं उत्तर बहुधा ‘हो’ असतं, फक्त चाउडरसारखं आधीच शिजवून ठेवलेलं बदलता येत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी ॲलर्जी असल्याचं खोटं सांगू नये. ॲलर्जी म्हटलं की किचन वेगळी भांडी, चिरायची वेगळी फळी काढतं, धावपळ होते. ‘आम्ही खात नाही, काय शक्य आहे?’ म्हणा. लहान जागी शेफ बहुतेक वेळा मनापासून काहीतरी बनवून देतो, आणि ते कित्येकदा मेन्यूतल्या पदार्थापेक्षा चांगलं निघतं.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. कॉड आणि हॅडॉक सौम्य, काट्याविना येतात, आणि आपल्या जिभेला जरा मिळमिळीतही वाटतात. बांगड्यावर वाढलेल्यांनी उन्हाळ्यात ब्लूफिश दिसला तर सोडू नये, तेलकट आणि ठसठशीत चवीचा. स्कॅलप्स इथले फार चांगले. ऑयस्टर कच्चे असतात, वेलफ्लीट किंवा डक्सबरीचे एक-एक मागवून बघा, आवडले तरच डझन.

तिखटाची अपेक्षा ठेवू नका. इथली चव मीठ, लोणी, आंबट आणि भाजलेपण यांवर उभी असते. दोन-तीन घास तसेच खाऊन बघा. मग हॉट सॉस मागावासा वाटला तर मागा, कोणी तुम्हाला हसणार नाही.

६. टेबलावर

लहान प्लेट्स मध्ये ठेवून वाटून खातात, म्हणून ‘वी आर शेअरिंग’ सांगा, रिकाम्या बशा येतील. एक मोठा पदार्थ दोघांत मागितला तर काही ठिकाणी वाटणीचे जादा पैसे लावतात. स्टेक मागवला तर किती भाजायचा ते विचारतील. गुलाबीपणा नको असेल तर ‘मीडियम वेल’ म्हणा. सर्व्हर मध्येच येऊन ‘हाऊज एव्हरीथिंग?’ विचारतो. काही बिनसलं असेल तर ते सांगायची हीच वेळ, जेवण संपल्यावर नाही. त्याला हाक मारायला टाळी, चुटकी, ‘हॅलो बॉस’ नको. नजर मिळवून हात किंचित वर केला की येतो. उरलेलं बांधून मागायला मुळीच लाजू नका, सगळेच मागतात.

गोडात ऋतूच्या फळाचं काही असेल तर तेच घ्या. ऑगस्टात पीच कॉबलर, ऑक्टोबरात ॲपल पाय. चॉकलेट केक बारा महिने कुठेही मिळतो.

७. चेक आणि टिप

बिलाला इथे ‘चेक’ म्हणतात. न मागता आणून ठेवला तर तो अपमान नाही. मित्रांसोबत वेगवेगळी बिलं हवी असतील तर ऑर्डर देतानाच सांगा.

टिप ही ऐच्छिक म्हणतात, पण प्रत्यक्षात ती सर्व्हरचा पगार असते. टिप मिळणाऱ्यांसाठी केंद्रीय किमान वेतन १९९१पासून ताशी २.१३ डॉलरवर अडकलेलं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ते ६.७५ डॉलर आहे, तर इतरांना १५. ही पद्धत मला पटत नाही, पण तिचा राग सर्व्हरवर काढण्यात अर्थ नाही. १८ ते २० टक्के द्या. नीट सेवा मिळूनही दहा टक्के ठेवणं म्हणजे त्या माणसाला दुखावणं.

दोघांचा हिशेब करून बघू. दोन कॉकटेलं ३२ डॉलर, दोन लहान प्लेट्स ३२, दोन मोठे पदार्थ ६६, एक गोड १२. बेरीज १४२. बॉस्टनमध्ये जेवणावरचा कर ७ टक्के, म्हणजे ९.९४. टिप कराआधीच्या रकमेवर २० टक्के, २८.४०. एकूण १८०.३४ डॉलर. मेन्यूवरच्या किमतींच्या साधारण सव्वापट खर्च धरूनच घरून निघा.

चेक पूर्ण वाचा. सहा किंवा जास्त माणसं असतील तर टिप आधीच लावलेली असू शकते. ‘किचन अप्रीसिएशन’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फी’ नावाने तीन-पाच टक्के दिसले तर ती सर्व्हरची टिप नव्हे. कार्डाच्या यंत्रावर १८, २०, २५ अशी बटणं येतात. काही यंत्रं ती करासकट रकमेवर मोजतात, हव्या त्या आकड्यासाठी ‘कस्टम’ आहे.

यंत्र नसेल तर सर्व्हर कार्ड घेऊन आत जातो. आपल्याला ओटीपीची सवय, त्यामुळे धस्स होतं, पण इथली जुनी रीत ती आहे. तो दोन पावत्या आणतो. रेस्टॉरंटच्या प्रतीवर टिप लिहायची, खाली बेरीज लिहायची, सही करायची, आणि ती प्रत टेबलावर ठेवून निघायचं. तुमची प्रत खिशात घाला.

८. घरी जाताना

दोन कॉकटेलं झाली असतील तर गाडीला हात लावू नका. रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०८ टक्के आहे, आणि मघाचं पेगाचं गणित आठवा. व्हिसावर असणाऱ्यांसाठी दंडापेक्षा मोठी भीती आहे: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, गुन्हा सिद्ध झाला नाही, तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. ‘टी’, म्हणजे बॉस्टनची मेट्रो, रात्रभर चालत नाही. ती बंद झाली की उबर किंवा लिफ्टची टॅक्सी.

कार्डावर त्या रात्री टिपेशिवायची रक्कम दिसेल. दोन-तीन दिवसांनी ती वाढते, कारण हाताने लिहिलेली टिप नंतर चढवतात. तेव्हा खिशातली पावती काढून आकडा जुळतो का बघा. जुळला नाही तर रेस्टॉरंटला दुपारी तीन-चारच्या सुमारास फोन करा, तेव्हा गर्दी नसते आणि मॅनेजर सहसा सापडतो.